दामूला आठवण येते का?

दिवाळी अंकासाठी काही तरी खुसखुशीत लिहा, असा संपादकांचा निरोप दर वर्षी येतो आणि मीही आजवर इमानाने चकली, किल्ला, पाहुणे आणि बोनस या विषयांना धरून राहिलो. यंदा मात्र मी एका कासवाविषयी लिहिणार आहे. खुसखुशीतपणाच्या दृष्टीने कासव हा फारसा सोयीचा प्राणी नव्हे, हे मला मान्य आहे. पण गेला हिवाळाभर आमच्या घरात या कासवावरून जेवढे वाद झाले, तेवढे चिरंजीवांच्या लग्नावरूनही अजून झालेले नाहीत. आणि वादाचा मुद्दा काय, तर कासवाला माणसाची आठवण येते का!

प्रथम कासवाची ओळख करून देतो. त्याचे नाव दामू. अकरा वर्षांपूर्वी चिरंजीव आठवीत असताना त्यांनी वाढदिवसाला जमलेले सगळे पैसे खर्चून ते मासे विकणाऱ्या एका दुकानातून आणले. तेव्हा ते मारी बिस्किटापेक्षाही लहान होते. रंग हिरवागार, आणि दोन्ही डोळ्यांच्या मागे कुणी कुंकवाचे बोट ओढावे तसा एकेक लाल पट्टा. "याच्यापेक्षा मोठं होत नाही," असे दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले होते. दामू आज जेवणाच्या ताटलीएवढा आहे. ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. रेड-इअर्ड स्लायडर हे तिचे नाव. नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे सहज जगते. म्हणजे हट्ट आठवीतल्या पोराचा आणि निस्तरणे आईबापांच्या पेन्शनातून, असा हा व्यवहार आहे.

गेल्या वर्षी दिवाळीचा फराळ आटोपला आणि चिरंजीव नोकरीसाठी जर्मनीला गेले. जाताना आईला त्यांनी चिवड्याचा डबा मागितला आणि माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यावर दामूच्या दिनक्रमाची कलमे होती. पाणी केव्हा बदलायचे, पाला कोणता घालायचा, उन्हासारखा उजेड देणारा दिवा किती तास लावायचा वगैरे. मी तो कागद चष्मा लावून वाचला आणि पंचांगाच्या खिळ्याला अडकवून ठेवला. तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला कासवाविषयी मुलाने काय सांगायचे, असाही थोडा भाव त्यात होता. ते आता कबूल करतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दामूने अन्न सोडले. आधी पाला तसाच राहू लागला, मग ते खाद्याच्या गोळ्यांकडेही पाहीना. सौ. काचेवर टिचकी मारायची तेव्हा पूर्वी ते पाय मारीत पुढे यायचे. आता कोपऱ्यात डोळे मिटून पडून राहू लागले.

"अहो, त्याला आठवण येतेय," सौ. म्हणाली.

"कुणाला?"

"दामूला. अकरा वर्षं पोराच्या हातचं खाल्लंय त्यानं. महिना झाला, पोर दिसत नाही. तुमच्या-माझ्या घशाखाली घास उतरत नाही, तर त्याच्या कसा उतरेल?"

मी हसलो. कासव हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला प्राणी. त्याला भूक, भीती आणि झोप एवढेच ठाऊक. प्रेम, विरह, आठवण हा पुढचा संसार सस्तन प्राण्यांचा आणि थोडाफार पक्ष्यांचा, असे मी तिला सांगितले. शाळेतही हेच सांगत आलो होतो.

"तुम्ही शाळेत शिकवत होतात तेव्हा दामू जन्माला यायचा होता," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला निघून गेली.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. समोरच्या काकूंनी सांगितले, "घरातलं कासव जाता कामा नये हं, लक्ष्मी जाते." त्यांच्या दिवाणखान्यात पितळेचे कासव आहे. ते खात नाही, पीत नाही आणि त्यामुळे कधी आजारीही पडत नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "एखाद्या तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल." असे पुण्य करणारे पुष्कळ असल्यामुळेच ही परदेशी कासवे आपल्या तळ्यांत जागोजागी दिसू लागली आहेत आणि तिथल्या मूळच्या कासवांच्या अन्नात नि उन्हाच्या जागेत वाटेकरी झाली आहेत. आम्ही काही तो मार्ग धरला नाही.

दरम्यान दामू पाण्यात तिरके पोहू लागले आणि त्याच्या नाकाशी बुडबुडे येऊ लागले. तेव्हा मात्र मी घाबरलो. टोपलीत टॉवेल घालून आम्ही त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. माझी कल्पना गुरांच्या डॉक्टरांची होती. प्रत्यक्षात ती पंचविशीतली एक मुलगी निघाली, आणि बाहेरच्या बाकावर कुत्री-मांजरे यांच्याबरोबर एक सरडाही नंबर लावून बसला होता.

तिने दामूला हातात घेतले, उलटे केले, नखे पाहिली आणि विचारले, "नाव काय हिचं?"

"दामू," मी म्हणालो, "आणि तो नर आहे."

"नाही काका, मादी आहे. नराच्या पुढच्या पायांची नखं चांगली लांब असतात, आणि तो एवढा मोठाही होत नाही."

अकरा वर्षे ज्याला आम्ही तो म्हणत होतो ती बाई होती! सौ.ने माझ्याकडे असे पाहिले की तीस वर्षांचे जीवशास्त्र त्या नजरेत वाहून गेले. यापुढे मीही ती असेच लिहिणार आहे. नाव मात्र दामूच राहिले. दमयंतीचे लाडके रूप समजावे.

"पोर परदेशी गेल्यापासून खात नाही हो," सौ. म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला, "टाकीतल्या पाण्याचं तापमान किती असतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

कासव आपल्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करीत नाही, ती बाहेरून घेते. हे मी हजारो मुलांना शिकवले आहे. पाणी गार झाले की तिच्या पोटातले काम मंदावते, अन्न पचत नाही, रोगाशी झगडण्याची शक्ती उतरते आणि फुप्फुसाचा आजार जडतो. तिरके पोहणे आणि नाकाशी बुडबुडे ही त्याचीच चिन्हे. घरी येऊन मी टाकीत तापमापक बुडवला. पारा १८ अंशांवर थांबला. पंचांगाच्या खिळ्यावरचा कागद काढून पाहिला. सातव्या कलमाखाली लाल शाईने रेघ मारली होती : पाण्याचा हीटर थंडीत कधीही बंद करू नये, पाणी २५ अंशांच्या आसपास हवे.

हीटर बंद होता. तो कुणी बंद केला, याचा शोध घ्यायला फार वेळ लागला नाही. रात्री झोपण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणे बंद करण्याची माझी जुनी सवय आहे. विजेचे बिल मी भरतो. सौ. सकाळी दिवा तेवढा आठवणीने लावीत असे. हीटरचा बारीक लाल ठिपका भिंतीच्या बाजूला असल्यामुळे तो कुणाच्याच ध्यानी आला नाही.

त्या रात्री मी चिरंजीवांना फोनवर सगळे सांगितले. मग विचारले, "पण मी तर गेली अकरा वर्षं रोज रात्री बटणं बंद करतोय. इतक्या वर्षांत हे कधी कसं झालं नाही?"

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही झोपलात की मी उठून ते परत लावायचो."

"मला बोलला नाहीस कधी?"

"तुम्ही बिलावरून बोलला असतात."

मी फोन ठेवला. सौ.ला एवढेच सांगितले, की तो बरा आहे.

पुढे तीन आठवडे दामूला इंजेक्शने चालली. एक दिवसाआड मी तिला धरून बसायचो आणि डॉक्टरीणबाई पुढच्या पायात सुई टोचायच्या. ती वाचेल की नाही, हे त्यांनाही सांगता येत नव्हते. रात्री झोप लागत नसे, म्हणून मी पुन्हा विद्यार्थी झालो आणि या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. आणि माझ्या ध्यानात आले, की मी शाळेत शिकवलेल्यातला बराच भाग शिळा झाला आहे.

अमेरिकेतले मेंदूचे शास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांनी १९६० च्या दशकात एक कल्पना मांडली होती. मेंदू म्हणजे तीन मजली घर. तळमजला सरड्या-कासवांचा, तिथे फक्त हाणामारी आणि पळापळ. मधला मजला सस्तन प्राण्यांचा, तिथे भावना. वरचा मजला बुद्धीचा. कल्पना इतकी सुटसुटीत, की ती आम्ही मास्तरांनी लगेच उचलली. आजचे शास्त्रज्ञ ती मानीत नाहीत. भीती आणि आनंद यांच्याशी ज्या भागांचा आणि रसायनांचा संबंध आहे, त्यांची मूळ रूपे सरपटणाऱ्या प्राण्यांच्याही मेंदूत असतात. मजले काही एकावर एक असे चढवलेले नाहीत.

कॅनडातल्या लावाल विद्यापीठातले मिशेल काबानाक यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला किंवा उंदराला धास्ती बसली की अंग थोडे तापते. सरड्याला स्वतःचे अंग तापवता येत नाही. पण त्याला एक ऊबदार आणि एक गार अशा दोन्ही जागा दिल्या, तर तो काय करतो? शास्त्रज्ञांनी सरड्याला नुसते हळुवार हाताळून परत ठेवले. तो उठून नेहमीपेक्षा अधिक ऊबदार जागी जाऊन बसला, म्हणजे मनाच्या धास्तीपायी त्याने ताप मागून घेतला. कासवांच्या बाबतीतही असेच दिसले, आणि हाताळताना त्यांच्या हृदयाचे ठोकेही वाढलेले आढळले. बेडकांनी मात्र असे काही केले नाही.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. कारण पोर गेल्यापासून दामू एकटी पडली म्हणून मी रोज संध्याकाळी तिला टाकीबाहेर काढून मांडीवर घेत होतो, पाठीवरून हात फिरवीत होतो. ती अगदी निश्चल बसे. मला वाटे, तिला बरे वाटत आहे. आधीच गारठलेल्या त्या जीवाला मी रोज तासभर भीती दाखवीत होतो की काय, कोण जाणे!

याच काबानाक यांचा दुसरा प्रयोग अधिक गोड आहे. इग्वाना जातीच्या सरड्यांना ऊबदार कोपऱ्यात पौष्टिक पण बेचव खाद्य ठेवले आणि दूर कडाक्याच्या थंडीत सॅलडची कोवळी पाने. पोट भरायला उबेतले खाद्य पुरेसे होते. तरीही सरडे थंडीत जाऊन पाने खाऊन यायचे. थंडी फारच वाढवली तेव्हा मात्र त्यांनी तो नाद सोडला. जिभेच्या सुखासाठी किती गारठा सोसायचा, याचा हिशेब ते करीत होते. पावसात भिजत भजी आणायला जाणाऱ्या मंडळींना यात काही नवल वाटू नये.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात ॲना विल्किन्सन आणि त्यांचे सहकारी कासवांवर गेली अनेक वर्षे काम करीत आहेत. एक कासव जांभई देताना पाहून दुसऱ्याला जांभई येते का, हे पाहण्यासाठी त्यांनी अलेक्झांड्रा नावाच्या कासवीला सहा महिने खपून जांभई द्यायला शिकवले. इतर कासवांनी तिच्याकडे पाहिले आणि तोंड मिटूनच ठेवले. या संशोधनाला २०११ साली इग नोबेल हे गमतीचे पारितोषिक मिळाले. पण त्याच विद्यापीठातले २०२५ साली प्रसिद्ध झालेले काम गमतीचे नव्हते. पंधरा कासवांना त्यांनी शिकवले, की भांडे एका बाजूला असेल तर त्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूला असेल तर नसतो. मग भांडे मधोमध ठेवले. माणसाचे जसे असते, मन प्रसन्न असेल तर तो आशेने पुढे जातो आणि खिन्न असेल तर जागचा हलत नाही, तसेच हे कासवांच्या मनाचे मोजमाप. चांगल्या, मोकळ्या जागेत ठेवलेली ही कासवे त्या संशयाच्या भांड्याकडे आशेने जात होती. आणि ज्यांच्यात ही आशा जास्त होती, ती अनोळखी जागी आणि अनोळखी वस्तूपुढे कमी बावरत होती. म्हणजे घडीभराची भीती किंवा भूक यांच्यापलीकडे कासवाला टिकून राहणारी मनःस्थिती असते, असे मानायला आता आधार आहे.

वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात पिगफेस नावाचे एक मऊ पाठीचे कासव होते. वर्षानुवर्षे रिकाम्या हौदात राहून ते स्वतःचीच मान आणि पाय ओरबाडून घेऊ लागले. त्याला चेंडू, कडे, काठ्या दिल्या. ते त्यांच्याशी खेळू लागले आणि ओरबाडणे कमी झाले. गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९९० च्या दशकात ते सारे टिपून ठेवले. कंटाळा ही काही केवळ पेन्शनर माणसांची मक्तेदारी नव्हे.

हे सर्व मी सौ.ला वाचून दाखवीत होतो. ती म्हणाली, "ते सगळं ठीक. पण आठवणीचं काय?"

तिच्यासाठी मी ऑस्ट्रेलियातल्या जाड शेपटीच्या सरड्यांची हकीकत काढली. फ्लिंडर्स विद्यापीठाचे मायकेल बुल यांनी १९८२ पासून त्यांचा मागोवा घेतला. वर्षाचा बराच काळ नर-मादी वेगवेगळी फिरतात आणि दर वसंतात नेमकी तीच जोडी एकत्र येते. काही जोड्या वीस वर्षांहून अधिक टिकल्या. जोडीदार मरून पडला असता त्याच्यापाशी थांबून राहिलेले सरडेही पाहण्यात आले आहेत.

"मग!" सौ. म्हणाली.

पण ते त्यांचे आपापसातले झाले. माणसाची आठवण येऊन कासवाने अन्न सोडल्याचा पुरावा मला कुठे सापडला नाही. दामू खाऊ देणाऱ्याला ओळखते, काचेशी येते, हे खरे. त्यापुढे जायला माझे पाऊल धजत नाही. आपल्या संतांनी कासवीच्या दृष्टीची उपमा दिली आहे. कासवी दूरवरून नुसत्या नजरेने पिलांचे पोषण करते, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवी रात्री येते, वाळूत अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पिलांची नि तिची गाठही पडत नाही. शास्त्राच्या पुस्तकात असे वाचून मी वर्गात त्या उपमेची थोडी थट्टाही करीत असे. तर २०१३ साली ॲमेझॉन नदीतल्या एका मोठ्या कासवाविषयी प्रसिद्ध झाले, की त्यांची पिले अंड्यातच असताना आवाज करू लागतात, माद्या पाण्यात जवळपास वाट पाहतात, साद देतात आणि पिलांना बरोबर घेऊन पुढे जातात. नजर नव्हे, पण साद तरी निघाली. तेव्हापासून कुणाचीही थट्टा करताना मी दोनदा विचार करतो.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी सौ.ने हाक मारली. दामू दगडावर चढून दिव्याखाली बसली होती, चारही पाय पसरून, मान लांब काढून. दुपारी तिने पाल्याचे एक पान ओढले. आम्ही दोघे स्टुलावर बसून ते पान संपेपर्यंत पाहत राहिलो. सौ.ने पदर डोळ्यांना लावला. मी म्हणालो, "अगं, तिला आठवण येत नव्हती, थंडी वाजत होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला येत होती."

तर ज्यांच्या घरी असा एखादा जीव आहे किंवा पोरांचा हट्ट चालू आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. आपल्याकडचे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दुकानदार काहीही सांगो, ते घेऊ नये. परदेशी जातीलाही नियम आहेत, ते आधी विचारून घ्यावेत. असलेल्याला ऊब, ऊन, खोल पाणी आणि चढून बसायला दगड द्यावा. उगीच उचलून कुरवाळू नये. ती माया आपली असते, त्याची नव्हे. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कासवांच्या अंगावरच्या जंतूंमुळे मुले आजारी पडतात, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री टाकी फटाक्यांच्या खिडकीपाशी असू नये. पाण्यातून हादरे पोचतात.

यंदा चिरंजीव दिवाळीला येणार नाहीत. रजा मिळाली नाही. परवा फोनच्या पडद्यावर त्यांचा चेहरा आम्ही काचेसमोर धरला. "दामू, ए दामू!" म्हणून त्याने चार हाका मारल्या. दामूने मान वळवली, एकदा त्या उजेडाकडे पाहिले आणि पाल्याच्या पानाकडे वळली. तो पलीकडे हसत सुटला. सौ.चे मात्र म्हणणे आहे, की तिने पाहिले ते ओळखूनच पाहिले. मी वाद घातला नाही.

रात्री मी अजूनही घरभर फिरून बटणे बंद करतो. एका बटणावर चिकटपट्टी लावली आहे. तिथे थांबून वाकतो, टाकीच्या मागचा लाल ठिपका जळतो आहे ना, हे पाहतो आणि मग झोपायला जातो.